एकदाच ‘ये’

शनिवार, २४ फेब्रुवारी २०२४. तिथी माघी पौर्णिमा. वेळ दिवेलागणीची. ठिकाण, म्हसळा आणि श्रीवर्धन यांच्या दरम्यान खाडीच्या एका फाट्यावर असलेला, आगरकोंड गावचा कमानीचा पूल.

ही हकीकत खरी आहे. तिच्यातली तीन माणसे आज हयात आहेत आणि समोर बसून विचारले तर ती नाही म्हणणार नाहीत. कोणी याला एकट्या म्हाताऱ्याचा भास म्हणेल. खुशाल म्हणावे. पण भास एकाला होतो. त्या संध्याकाळी पत्रा वाजला, तो दोघांनी ऐकला.

पूल आता उरलेला नाही.

इंग्रजी अमदानीतले ते काम होते. दगडी नव्हे, लोखंडी नव्हे. काँक्रीटची एकच मोठी कमान, खाडीच्या या काठावरून उठून त्या काठावर टेकलेली, आणि तिच्या पाठीवर एक एस.टी. जेमतेम जाईल एवढा रस्ता. इतके पावसाळे खाऊन काँक्रीट काळे पडले होते. जिथे पोपडे सुटले होते तिथे वाळूबरोबर आलेले शिंपल्यांचे तुकडे दातांसारखे पांढरे दिसत.

पुलाच्या एका टोकाला डांबरी रस्ता आणि गाव. दुसऱ्या टोकाला पल्याडची वाडी. वाडी म्हणजे मूठभर घरे, आणि त्यांतली बहुतेक कुलपात. माणसे पनवेलला, मुंबईला, कुठल्या कुठल्या कंपन्यांत. गणपतीला कुलपे निघत, शिमग्याला निघत, आणि पुन्हा लागत.

बारमाही राहणारी माणसे दोनच. पुलाला लागून पहिले घर दत्तात्रेयाचे. आणि वरच्या अंगाला, फणसाखाली, त्याच्या चुलतभावाची विधवा सगुणा. मधली सगळी घरे मुकी. संध्याकाळी वाडीत दोन दिवे लागत आणि दोन्ही एकमेकांपासून लांब.

या पुलाच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. त्यावाचून पुढचे कळणार नाही.

पहिली, पत्रे. पुलावर रस्त्याच्या जोडांवर लोखंडी पट्ट्या बसवलेल्या होत्या. वाडीतले लोक त्यांना पत्रे म्हणत. घराकडचा पत्रा मातीने भरलेला. त्यावर पाय पडला की ‘थप्प’ असा बसका आवाज येई. मधला पत्रा सुटलेला. तो ‘खणण्’ वाजे. रस्त्याकडचा नुसता ‘खट्’. घरात बसून, डोळे मिटून, वाडीतले पोरही सांगू शके : कोणी येते आहे की जाते आहे.

दुसरी, ओ. कमानीखाली आवाज घुमत असे. भरतीचे पाणी चढलेले असले की हाक पाण्यावरून कमानीत शिरे आणि फिरून माघारी येई. ‘पूल ओ देतो’ असे लोक म्हणत. ओहोटीला खाली उरे तो चिखल. चिखल आवाज गिळतो. तेव्हा पूल मुका.

आणि या दोन गोष्टींवर वाडीची एक रीत उभी होती. वाडीतून निघालेले माणूस मधल्या पत्र्यावर पोचले की मागे वळे आणि घराच्या दिशेने हाक घाली, ‘येतोऽऽ’. बाई असेल तर ‘येतेऽऽ’. ‘जातो’ आपल्यात कोणीच म्हणत नाही. पण इथे ती हाक पुलाच्या मध्यावरूनच घालायची, आणि घरून ‘ये’ असे उत्तर येईपर्यंत पुढे पाऊल टाकायचे नाही. कोकिळेने, दत्तात्रेयाच्या बायकोने, ही रीत जन्मभर पाळली. म्हसळ्याच्या बाजाराला जायची असली तरी. तिची हाक यायची. ओटीवरून हा म्हणायचा, ‘ये.’ मग खट् वाजायचे, आणि ती गेलेली असायची.

शेवटची ती गेली तीही त्याच पुलावरून.

दीड वर्षापूर्वी, भाद्रपदात, छातीत कळ आली म्हणून तिला गाडीत घातली. दत्तात्रेय तिच्याजवळ बसला होता. तोंडावर नळीचा मास्क. गाडीचे चाक मधल्या पत्र्यावर चढले, खणण् झाले, आणि कोकिळेने हाताने मास्क बाजूला केला.

“येते,” ती म्हणाली.

त्याच्याकडे बघून नव्हे. मागच्या काचेतून घराकडे बघून.

घर रिकामे होते. गाडी थांबली नाही.

पनवेलच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती गेली. मुलगा प्रज्योत आणि सून विनिता खारघरला राहतात. पुढचे सगळे तिकडेच झाले. अस्थी हरिहरेश्वरला गेल्या. कोकिळा पूल ओलांडून पुन्हा घरी आली नाही, ना जिती, ना मेलेली.

गेल्या दिवाळीनंतर पुलावरची वाहतूक बंद झाली. वरच्या अंगाला, दोन मैलांवर, नवा रुंद पूल झाला होता. ठेकेदाराचा शिवदास नावाचा माणूस पिंपे घेऊन आला आणि रस्ता अडवून गेला.

“आजोबा, उद्यापासून गाडी बंद,” तो म्हणाला. “चालत जायाला हरकत न्हाय. फक्त पुलावर नाचू नका.”

“शिमग्याला पण नको?”

“शिमग्याला पूल नसेलच,” शिवदास हसला. “माघात ब्रेकर लावणार. हा म्हातारा एका दिवसात खाली.”

“म्हातारे एका दिवसात पडत नाहीत,” दत्तात्रेय म्हणाला. “लावून बघ.”

त्या रात्रीपासून एस.टी.चा खडखडाट थांबला. डंपर थांबले. कोलंबीचे टेम्पो थांबले. वाडीवर शांतता आली, आणि ती इतकी दाट होती की दत्तात्रेयाला स्वतःच्या घशात पाणी उतरताना ऐकू येई.

चौथ्या-पाचव्या दिवसाची गोष्ट. दिवेलागण. त्याने देवापाशी दिवा लावला आणि तो ओटीवर येऊन बसला.

थप्प…

घराकडचा पत्रा.

त्याने मान वर केली. पुलाच्या तोंडाशी कोणी नव्हते. उजेड पुरेसा होता. कठडा दिसत होता, त्यावर बसलेला बगळा दिसत होता.

बगळा उडाला.

खणण्…

मधला पत्रा.

आणि मग, ना मोठ्याने ना हळू, भाजीला निघालेल्या बाईने म्हणावे तसे…

“येतेऽऽ.”

दत्तात्रेय उठला नाही. तिसरा पत्रा वाजण्याची त्याने वाट पाहिली. कान देऊन, श्वास धरून.

तिसरा पत्रा वाजला नाही.

ती तिथेच उभी होती. किंवा तिथे काहीच नव्हते. या दोहोंपैकी एक खरे असले पाहिजे, आणि कोणते ते ओटीवरून कळत नव्हते. शेवटी तो बॅटरी घेऊन पुलाच्या मध्यापर्यंत गेला. पत्र्यावर पाय ठेवला. खणण्. तोच आवाज. खाली पाणी, वर आकाश, दोन्ही बाजूंना रिकामा रस्ता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

प्रज्योतला त्याने फोनवर सांगितले. प्रज्योत कंपनीत देखभालीच्या खात्यात आहे. त्याच्यापाशी प्रत्येक आवाजाला कारण असते.

“बाबा, काँक्रीट दिवसा तापतं, संध्याकाळी आकसतं. पत्रा सुटलेला आहे ना? मग वाजणारच. सिंपल आहे.”

“ओळीने वाजतो. आधी घराकडचा, मग मधला.”

“घराकडे आधी सावली येते. आधी थंड होतो.”

“आणि हाक?”



“टिटवी असेल.”

“टिटवी ‘येते’ म्हणते?”

“बाबा, प्लीज. तुम्ही एकटे राहता, म्हणून हे. माघात पूल पाडतायत. मग दुकानाला जायचं तरी दोन मैल वळसा. मी येतो न्यायला. विनिता पण म्हणते, आता बस झालं.”

“बघू,” दत्तात्रेय म्हणाला.

आधी हा फोन त्याला कधी ठेववत नसे. प्रज्योतच ‘मीटिंग आहे’ म्हणून ठेवायचा. आता संध्याकाळ होत आली की दत्तात्रेयच फोन आवरता घेई. तो लवकर दिवा लावी, रेडिओ बंद करी, आणि ओटीवर बसे.

थप्प. खणण्. येते.

सव्वा वर्ष त्या घरात त्याच्याशी कोणी बोलले नव्हते. आता रोज एक शब्द बोलला जात होता. भीती त्याला पहिल्या आठवड्यातच सोडून गेली. उरली ती वेगळीच धास्ती : एखाद्या संध्याकाळी हाक आलीच नाही तर?

सगुणेला त्याने पौषात सांगितले. ती त्याच्यापेक्षा मोठी, पाठीत वाकलेली, पण कान शाबूत. वालाच्या शेंगा सोलत तिने सगळे ऐकले. मध्ये एकदाही ‘काय तरीच’ म्हणाली नाही.

“पयला कंचा पत्रा वाजतो, भावजी?”

“घराकडचा.”

“मग ती येत न्हाय. निघालीय.”

“निघालीय तर जात का नाही?”

“जाईल कशी? तिला ओ कुनी दिली?” सगुणेने शेंग मोडली. “गाडीतनं ‘येते’ म्हनाली, तवा घरात कोन हुतं? तुमी गाडीत. मी त्या टायमाला माहेरी. तिची हाक तशीच लोंबकळत रायली. कोकिळाबाय रीतभात सोडनारी व्हती का? दुसरी असती तर गेली असती तरातरा.”

“मग मी आता…”

“ओ द्यायची. एवढंच.” तिने बोट वर केले. “पन एकदाच म्हनायचं. निघालेल्याला एकदाच ‘ये’. दोनदा ‘ये ये’ करतो ते आलेल्या पाव्हन्याला. दोनदा म्हनलात, की बोलावनं झालं.”

दत्तात्रेयाने खाली पडलेली एक शेंग उचलली.

“आनि लौकर म्हना. पूल पाडला तर ती बाय मधल्या मधी रायली. मागं घर न्हाय, पुढं रस्ता न्हाय. कळतंय ना?”

“कळतंय.”

“कळतंय म्हनता आनि तोंड असं करता, जसं काय मीच पूल पाडतेय.”

कळत होते. कळण्यात कसलीच अडचण नव्हती. एक अक्षर म्हणायचे होते, आणि त्या अक्षराने कोकिळा सुटणार होती. पण ते अक्षर म्हटले की दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी काहीच वाजणार नव्हते.

उद्या म्हणू, असे तो रोज म्हणे.

थप्प. खणण्. येते.

उद्या म्हणू.

पौष असाच गेला. माघ उजाडला. शिवदास येऊन कठड्यावर लाल रंगाच्या फुल्या मारून गेला. नव्या पुलावरून मोठी यंत्रे आली आणि गावाच्या मैदानात उभी राहिली. शुक्रवारी प्रज्योतचा फोन आला.

“सोमवारी ब्रेकर लागतोय, शिवदासने सांगितलं. मी रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. कपडे भरून ठेवा. बाकी नंतर बघू.”

म्हणजे शनिवार उरला होता. पौर्णिमेचा. आणि रविवारच्या संध्याकाळी तो खारघरला सातव्या मजल्यावर असणार होता.

शनिवारी दुपार कलताच सगुणा काठी टेकत खाली आली.

“मी बसते इथं,” ती म्हणाली. “तुमचा भरोसा न्हाय. आज पन ‘उद्या’ म्हनाल.”

“उद्या मी नाहीच.”

“म्हनूनच बसते.”

ओटीच्या पायरीपाशी, पाय धुवायच्या दगडावर, पाण्याने भरलेला तांब्या होता. बाहेरून आलेल्याने पाय धुऊन आत यायचे ही कोकिळेची शिस्त. ती गेल्यावरही तो तांब्या दत्तात्रेय रोज भरून ठेवी. सगुणेने तो पाहिला. मग ती पदर डोक्यावर घेऊन, पुलाकडे पाठ करून, खांबाला टेकून बसली.

“मी बघनार न्हाय. तुमचं तुमी बोला. मी फकस्त ऐकते.”

सूर्य बुडाला. पूर्वेला डोंगरामागून चंद्र आला, मोठा, तांबूस. अंधार झालाच नाही. एक उजेड गेला आणि दुसरा आला, एवढेच. पूल टोकापासून टोकापर्यंत स्पष्ट दिसत होता. लाल फुल्यासुद्धा दिसत होत्या. खाली चिखलात खेकड्यांचे बुडबुडे फुटत होते, त्यांची बारीक चुटचुट इथवर ऐकू येत होती.

दत्तात्रेय पुलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. घराकडच्या पत्र्यापासून हातभर अंतरावर.

मग चुटचुट थांबली.

थप्प…

त्याच्या पायापाशी. पत्रा दबलेला त्याने डोळ्यांनी पाहिला. वरची माती किंचित हलली आणि पुन्हा निवली. म्हणजे ती त्याच्या अंगावरून, त्याच्या शेजारून, घरातून निघून पुढे गेली होती. त्याला काही लागले नाही. वारासुद्धा नाही.

खणण्…

आता ती मध्यावर होती. रिकाम्या, चांदण्याने धुतलेल्या रस्त्यावर.

“येतेऽऽ.”

दत्तात्रेयाने श्वास घेतला. त्याने पाठ केले होते. दिवसभर तेच एक अक्षर तोंडात घोळवले होते, औषधाच्या गोळीसारखे.

“ये,” तो म्हणाला.

आणि…

“ये.”

दुसऱ्यांदा उमटले. लगेच. स्वच्छ. त्याच आवाजात.

पुलाने ओ दिली, हे त्याच्या मनात आले. ऐन वेळी या मेल्या पुलाने ओ दिली! आता रस्त्याकडचा पत्रा वाजू दे. वाज. वाज की.

रस्त्याकडचा पत्रा वाजला नाही.

बराच वेळ काहीच वाजले नाही.

मग…

थप्प.

घराकडचा.

दत्तात्रेय मागे सरला. त्याच्या पाठीमागे, ओटीवर, सगुणेची काठी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. तिनेही ऐकले होते. ती म्हातारी, जिने जन्मात कशाला भिऊन मान वळवली नव्हती, तिने आता मात्र मागे वळून पाहिले नाही. खांबाला दोन्ही हातांनी धरून ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

“वहिनी,” तो म्हणाला. “पुलाने ओ दिली. मी एकदाच म्हणालो.”

सगुणेने खांबावरचे हात सोडले.

“तुम्ही ऐकलंत ना? मी एकदाच म्हणालो. दुसरी ओ पुलाची.”

तिने काठी शोधली, उठली, आणि पायऱ्या उतरताना थांबली. दगडावरच्या तांब्याकडे तिने पाहिले. मग त्याच्याकडे.

तांब्या रिकामा होता.

दगड कोरडा होता.

रविवारी सकाळी प्रज्योत आला तेव्हा कपडे भरलेले नव्हते. दत्तात्रेय ओटीवर बसला होता. दाढी केलेली, स्वच्छ सदरा, चेहऱ्यावर झोप झालेली.

“बाबा, बॅग कुठे आहे?”

“मी येत नाही.”

“आता हे काय नवीन?”

“घरात माणूस असताना घर सोडून कसा येऊ?”

प्रज्योतने आत डोकावून पाहिले. चूल, फडताळ, दांडीवर एक धोतर. माणूस नव्हता. त्याने समजावले, चिडला, विनिताला फोन लावून तिलाही बोलायला लावले. दत्तात्रेयाने सगळे ऐकून घेतले. शनिवारची सगळी हकीकत त्याने मुलाला सांगितली, आणि दर दोन वाक्यांनी एकच गोष्ट पुन्हा सांगितली : मी एकदाच म्हणालो, दुसरी ओ पुलाची. जणू कोणी त्याच्यावर आरोप ठेवला होता.

“ठीक आहे. एको होता,” प्रज्योत म्हणाला. “मग त्यात घाबरायचं काय?”

“मी कुठे घाबरलोय?”

हे खरे होते. तो घाबरलेला नव्हता. प्रज्योतला ते काही बरे वाटले नाही.

सोमवारी पूल पाडायला घेतला. एका दिवसात पडला नाही; पाच दिवस लागले. कमान शेवटपर्यंत उभी राहिली आणि मग एकदमच खाली बसली. पत्रे भंगारवाला घेऊन गेला. खाडी उघडी पडली.

त्यानंतर महिनाभर प्रज्योत रोज फोन करी. बाप बोले, पण थोडे. जेवलात का? जेवलो. करमतं का? करमतं. आणि मग, तिकडून कोणी हाक मारल्यासारखा, “बरं, ठेवतो,” म्हणून फोन ठेवून देई. आता फोन ठेववत नव्हता तो प्रज्योतला. कट झालेल्या फोनकडे बघत तो सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत उभा राही.

शिमग्याला तो एकटाच आला. वाडीची कुलपे निघाली होती, पोरे बोंबलत फिरत होती, अंगणा-अंगणात मुंबईच्या गाड्या. बापाचे बरे चालले होते. अंगण सारवलेले होते.

“कोणी सारवलं, बाबा? सगुणाकाकीने?”

“तिला वाकता येतं का आता?”

“मग?”

“आहे घर, तर सारवलं जातं,” दत्तात्रेय म्हणाला, आणि भाकरी मोडू लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रज्योत निघाला. वाडी पुन्हा रिकामी झाली होती, तो शेवटचा. भर ऊन. पूल नव्हता, तेव्हा मध्यावरून हाक घालण्याचा प्रश्न नव्हता. त्याने गाडीत पिशवी ठेवली, अंगणातून वळला आणि सवयीने म्हणाला,

“येतो, बाबा.”

ओटीवरच्या बाकावर बसलेला दत्तात्रेय म्हणाला, “ये.”

आणि…

आतून, चुलीच्या अंगाने, हातातले काम न सोडता म्हणावे तसे…

“ये.”

प्रज्योत उभा राहिला. अंगणात, उन्हात. कमान नव्हती. पाणी नव्हते. मातीचे घर, कौले, कोपऱ्यात लाकडे. घुमायला तिथे काही नव्हते. दत्तात्रेयाने मागे वळून पाहिलेसुद्धा नाही. तो फक्त बाकावर थोडा सरकला.

प्रज्योत गाडीत बसला, ती सुरू केली, आणि खाडीच्या रस्त्याला न लावता वर फणसापाशी नेऊन थांबवली.

सगुणा दारात वाल पाखडत होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि सूप खाली ठेवले.

“पानी देऊ?”

“काकी, एक विचारतो. खरं सांगा.” तो उंबऱ्यावरच बसला. “त्या शनिवारी तुम्ही ओटीवर होतात.”

“व्हते.”

“आईची हाक ऐकलीत?”

“न्हाय. हाक मला ऐकू आली न्हाय. पत्रा आला. जाताना बी आला आनि फिरून बी आला.”

“आणि बाबांचं ‘ये’?”

“ते आलं.”

“ते एकदाच म्हणाले ना? दुसरं पुलाचं होतं. पुलाने ओ दिली. बाबा तेच सांगत होते.” त्याचा आवाज चढला होता. “काकी, पुलाने ओ दिली ना?”

सगुणेने खाडीकडे पाहिले, जिथे पूल होता तिकडे.

“त्या दिशी पुनव व्हती, बाळा. पुनवेला दुपारचं पानी चढतं, दिवेलागनीला खाडीत नुसता चिखल. तुज्या बापाला का ठावं न्हाय? जन्म गेला त्याचा हितं.” तिने सूप पुन्हा मांडीवर घेतले. “पूल मुका व्हता. दोन्ही ‘ये’ तुज्या बापाचेच.”